घोंगडीतला बर्फ

मास्तर,

तुम्ही आमच्या गावात आलात त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या आईचं आणि तुमचं भांडण झालं, आणि तेही पळीवरून. तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, उद्या येताना घरातून एकेक पळी घेऊन या. कुणी पितळेची, कुणी लोखंडाची, कुणी करवंटीचा डाव. पाटी राहिली तरी चालेल, पळी विसरायची नाही. झालं, दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या चुलींवर कालवण ढवळायला काही उरलं नाही. आई वाटलेलं खोबरं हाताला तसंच ठेवून देवळाच्या पडवीत आली. आपली शाळा तेव्हा तिथेच भरायची. पडवीच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "मास्तर, तुमी पोरांना लिवायला शिकवा. चूल आमाला ठावं हाय." दुसरा कुणी असता तर एक तर पळी परत दिली असती, नाही तर आईला हाकललं असतं. तुम्ही पुढे झालात आणि विचारलंत, "बाई, ठाऊक असेल तर मलाही सांगा. या तिन्ही पळ्या उकळत्या पाण्यात उभ्या केल्या, तर आधी हात कुठली भाजेल?" आई म्हणाली, "पितलेची. यात इचारायचं काय?" तुम्ही म्हणालात, "बरोबर. पण का?" आई म्हणाली, "भाजते म्हनून भाजते." मग ती तिथेच पायरीवर बसली. कालवण राहिलं बाजूला. "बगू द्या मलापन," म्हणाली.

त्या दिवशीचं सगळं मला अजून जसंच्या तसं दिसतं. तीन दगडांवर पातेलं, त्यात तीन पळ्या उभ्या. शिडं शिवायच्या दोऱ्याला लावतात त्या मेणाची गोळी प्रत्येक पळीच्या टोकाला, आणि गोळीत एकेक चवळीचा दाणा खोचलेला. खाली ताट. पण तुमचा नियम असा, की आधी प्रत्येकाने अंदाज मोठ्याने सांगायचा, मगच जाळ घालायचा. मी म्हणालो लोखंड. आमच्या होडीचा नांगर लोखंडाचा, म्हणजे लोखंडाच्या पुढे कोण जाणार, एवढीच माझी अक्कल. पाणी तापतं आहे, सगळे माना पुढे काढून बसले आहेत, आणि मी डोळे मिटले आहेत, कारण मला बघण्यापेक्षा ऐकायला जास्त कळायचं. टप्. ताटात पहिला दाणा पडला, तो पितळेच्या पळीचा. बऱ्याच वेळाने लोखंडाचा. करवंटीच्या डावाचा दाणा पडलाच नाही, पाणी आटत आलं तरी नाही. पोरांनी गलका केला आणि त्या गलक्यात मीही ओरडलो, "मी पितलच बोललो व्हतो!" तुम्ही हसत होतात, ते थांबलात. मला उभं केलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "चुकलास त्याचं मला काही नाही. निम्मा वर्ग चुकला. पण चुकलोच नव्हतो म्हणालास, ते मला आवडलं नाही." बस, एवढंच. पुढे आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या दिल्या, त्यातली एकही एवढी लागली नाही.

आणि लगेच दोन दिवसांत तुम्ही माझं कौतुक केलंत, तेही मनातला सल जाईल अशा बेताने. तुम्ही दोन तांब्यांतून पाणी ओतत होतात, एक कढत, एक विहिरीचं, आणि विचारत होतात, हात न लावता गरम कुठलं ते कसं ओळखाल? कुणी म्हणालं वाफेवरून, कुणी म्हणालं भांडं घामेजतं त्यावरून. मी म्हणालो, आवाजावरून. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. स्वतःच्या उपरण्याने माझे डोळे बांधलेत आणि माझ्या मागे उभं राहून एकेक तांब्या ओतायला लागलात. गार पाणी कसं टणटणीत पडतं, कढत पाणी जरा मऊ, बसक्या आवाजाचं. मला ते लहानपणापासून ऐकू येतं, त्यात माझी काही कर्तबगारी नाही. पण तुम्ही अकरा वेळा ओतलंत, अकराही वेळा मी बरोबर सांगितलं, आणि तुम्ही उपरणं सोडून सगळ्यांच्या समोर म्हणालात, "हे मला ठाऊक नव्हतं. आज मी शिकलो." मास्तर, शिकवणारा माणूस असं म्हणू शकतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतरही फार वेळा ऐकलं नाही.

तुम्ही माणगावकडचे, भातशेतीच्या घरातले. समुद्र आमच्याकडे येईपर्यंत पाहिलेला नव्हता, आणि मासळी वाळत घातली की पहिले काही दिवस तुम्ही नाकाला पंचा धरून वर्ग घ्यायचात. त्यावरून बायका तुमची टर उडवायच्या. पण ज्याने समुद्र पाहिला नव्हता त्याने आमच्या बापाला वारा समजावून सांगितला, ही गोष्ट मी आजही चारचौघांत रंगवून सांगतो. तुम्ही पेजेचं पातेलं एका कडेला जाळ लावून ठेवलं होतंत. जाळाच्या बाजूची शितं वर चढत होती, पलीकडच्या कडेने खाली उतरत होती, पुन्हा जाळाकडे येत होती. तापलेलं पाणी वर जातं, त्याची जागा घ्यायला गार पाणी येतं, असं तुम्ही सांगितलंत. मग विचारलंत, "दुपारी आधी काय तापतं, वाळू की समुद्र?" यात अंदाज कशाला, अनवाणी पायांना ठाऊकच होतं. "मग वाळूवरची हवा तापून वर गेली, तर तिची जागा घ्यायला कोण येणार?" सगळा वर्ग समुद्राकडे बघायला लागला. दुपारचा खारा वारा तिथूनच तर येत होता. आणि पहाटे उलटं, जमीन आधी निवते, म्हणून पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे. त्याला आम्ही मतलई म्हणतो, त्याच्यावर आमच्या होड्या बाहेर पडतात. जेवताना मी हे बाला सांगितलं. बाने घास हातात धरून विचारलं, "ह्यो मास्तर कदी व्हडीत बसलाय?" मी म्हणालो, न्हाय. "मंग त्याला कसं ठावं?" मी म्हणालो, पेजेत बगितलं. बाने घास तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी होडी लावून, जाळं तसंच ओलं टाकून तो पडवीच्या कडेला येऊन उभा राहिला, आणि पुढे अधूनमधून यायला लागला. माझ्या मते तुमच्या शाळेत सगळ्यात लक्ष देऊन शिकलेला विद्यार्थी तोच.

म्हणून तर बर्फाची गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. त्या वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्याचा मचवा नुकताच बर्फ घेऊन यायला लागला होता. आमची मासळी घ्यायची, बर्फात घालायची आणि मुंबईला न्यायची. तोवर आम्हाला ताजी मासळी लांब पाठवायची ठाऊकच नव्हती. खारवायची, वाळवायची, मगच ती गावाबाहेर जायची. तुम्ही त्या मचव्यावरून दोन सारखे खडे मागून आणलेत. एक ताटात उघडा ठेवलात, दुसरा तुमच्या काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवलात. अंदाज सांगा. घोंगडीतला आधी विरघळणार, याबद्दल पोरांचं, आयांचं, बाचंही दुमत नव्हतं. घोंगडी उबदार, हे कुणाला सांगायला हवं? चुलीवर भात शिजेपर्यंत तुम्ही आम्हाला पाढे म्हणायला लावलेत. मग ताटात पाहिलं तर पाणी. घोंगडी उलगडली तर खडा जवळजवळ तेवढाच. आई म्हणाली, "आगं बाय!" तुम्ही म्हणालात, "घोंगडीकडे स्वतःची ऊब नसते. ती वाट अडवते. तुमच्या अंगात ऊब आहे, ती बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या अंगात नाही, तर बाहेरची आत शिरू देत नाही. थंडी कुठून येत नाही, रे. ऊब कुठे जाते तेवढं बघायचं." मी आयुष्यभर जे पोट भरलं ते या चार वाक्यांवर.

बाच्या मनात आलं की असं असेल तर व्यापाऱ्याचा मचवा हवा कशाला? आपणच बर्फ घ्यावा, आपणच मासळी बांधावी, आपल्याच होडीतून भाऊच्या धक्क्यावर न्यावी. गावात हसण्यावारी नेलं. शाळेचं तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पटावरची मुलं कमी होत होती, आणि पट असाच घसरला तर शाळा शेजारच्या गावात हलवणार असं वरून कळवलेलं होतं. शिमगा झाला, ऊन चढलं, आणि एक दिवस बाला पापलेटं लागली, मोठी, ताटाएवढी. व्यापाऱ्याच्या माणसाकडून बर्फाची पोती घेऊन बाने तुम्हाला किनाऱ्यावर बोलावलं आणि सगळ्या आळीसमोर म्हणाला, "मास्तर बांदून देतील. म्हावरा ताजा पोचला, तर आपल्या आळीची सगली पोरं-पोरी साळंत जातील, मी सोता धाडीन. नासला, तर माजा पोर उद्यापासून व्हडीवर, आन साळंचं मी नाव काडनार न्हाय." मग तुम्ही धोतर खोचलंत. बांबूच्या मोठ्या पाटीच्या तळाला भाताचं तूस, त्यावर बर्फ, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ, आणि सगळ्याला मिळून तुमची घोंगडी, दोन्ही टोकं खाली दाबून. "कुठे फट ठेवायची नाही," तुम्ही म्हणत होतात, "फट म्हणजे उबेला दार."

आता जे मी कधीच कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. तुम्ही बाशी बोलायला होडीच्या टोकाला गेलात, तेव्हा पाटीजवळ मी एकटा होतो. तुम्ही जिंकायला हवे होतात. शाळेसाठी म्हणा, माझ्यासाठी म्हणा, मला त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. आणि आमच्या घरात जन्मापासून एकच गोष्ट पाहिलेली, मासळी टिकवायची तर मीठ. मीठ जास्त तर टिकाव जास्त. मास्तर शेतकऱ्याचे, त्यांना हे कुठून सुचणार, असं माझ्या मनात आलं. शेजारच्या खोपटात मासळी खारवण्यासाठी भरून ठेवलेलं खडेमीठ होतं. घोंगडीचं एक टोक सोडलं, दोन ओंजळी, मग आणखी दोन, बर्फावर सगळीकडे पसरून दिल्या आणि टोक पुन्हा दाबून ठेवलं. आतून बारीक चुरचुर ऐकू आली. मला वाटलं, बर्फ मीठ धरतो आहे.

वारा अर्ध्या वाटेत पडला. एका भरतीत पोचायची होडी दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्याला लागली. बाने घोंगडी सोडली तर आत बर्फ नाही, नुसतं खारट पाणी. धक्क्यावरच्या बायकांनी कल्ला उचलून पाहिला, बोटाने दाबलं आणि तोंड फिरवलं. बा पाटी घेऊन तसाच परत आला. किनाऱ्यावर सगळी आळी जमलेली. त्याने ती ओली घोंगडी तुमच्या पायाशी टाकली. "ही तुमची वाट आडवनारी." तुम्ही खाली बसलात, घोंगडी चाचपलीत, आतल्या घडीतून मिठाचा एक न विरघळलेला खडा काढलात आणि हातावर धरलात. लाटांच्या पाण्यातून मीठ असं खड्याने आत येत नाही, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. तुम्ही मान वर केलीत आणि आम्हा पोरांच्या रांगेवरून नजर फिरवलीत. मी समुद्राकडे बघत होतो. माझ्यापाशी ती नजर थांबली का, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण बघायचा मला धीर नव्हता, आणि नजर काही ऐकू येत नाही. मग तुमचा आवाज आला, "यात मीठ पडलं. माझ्या हातून."

बा म्हणाला, "तुमी टाकलं? मिटानं बर्फ जातो हे तुमाला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं. मिठात जन्म गेलेल्या माणसांच्या हाती बर्फ देताना ते आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. म्हणजे ते पडलं माझ्याच हातून."

लोकांनी यातलं 'माझ्या हातून' तेवढं ऐकलं. मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "मास्तर, आदी कोलिनीकडनं मीठ शिका, मंग आमच्या पोरांना शिकवा!" आणि सगळा किनारा हसला. तेव्हापासून तुमचं नाव पडलं, मिठाचे मास्तर. मी दुसऱ्या दिवशी होडीवर गेलो. आळीतली पोरं एकेक करून गळली. दिवाळीच्या आत शाळा शेजारच्या गावात गेली आणि तुमची बदली माणगावकडे झाली.

पण मधले ते महिने मी विसरणार नाही. पडवीत पोरं येईनात, तर तुम्ही ओहोटीला किनाऱ्यावर यायला लागलात. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत जे कोण बसेल त्यांना शिकवायचात. एकदा मी जाळं सोडवत होतो तिथेच तुम्ही पत्र्याचा पेला ओल्या फळीवर ठेवलात, त्यात बर्फाचा चुरा आणि मीठ घातलंत. बर्फ भराभर पाणी होत होता, आणि तरी थोड्या वेळाने पेला उचलला तर फळी त्याला चिकटून वर आली! पोरांनी हात लावून लावून बघितला. तुम्ही सांगितलंत, बर्फाला पाणी व्हायला ऊब लागते. मीठ त्याला घाई करतं. मग तो मिळेल तिथून ऊब ओढून घेतो, पेल्यातून, फळीतून, तुझ्या बोटातून. एका पोराने विचारलं, "पन मास्तर, तवा मीठ खरंच तुमी टाकलं?" माझे हात जाळ्यात थांबले. तुम्ही म्हणालात, "कुणी टाकलं ते बर्फ विचारत नाही. काय टाकलं ते विचारतो. तूही तेच विचार." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलात.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मी होडीवर राहिलो, मग व्यापाऱ्याच्या मचव्यावर, मग रेवसच्या धक्क्याजवळ स्वतःची बर्फाची वखार घातली. तुम्ही एकदा ती पाहिलीत. मुंबईला दवाखान्यात जायला लाँचची वाट बघत होतात, अंगावर हाडं तेवढी राहिली होती, खोकला थांबत नव्हता. तरी आत आलात. भिंतीवर टिचकी मारून विचारलंत, "दुहेरी?" मी म्हणालो, "होय मास्तर, मध्ये तूस." तुसात कोपरापर्यंत हात घातलात आणि तुमचा चेहरा असा खुलला की मला तुम्हाला उचलून घ्यावंसं वाटलं. मग हात झटकत, माझ्याकडे न बघता विचारलंत, "नव्या माणसांना मिठाचं काय सांगतोस?" मास्तर, तुम्ही दार उघडलं होतंत. मला ते ऐकू आलं होतं, माझे कान कधी चुकत नाहीत. आणि मी मोठ्याने हसून म्हणालो, "पहिल्याच दिवशी दम देतो, मीठ घेऊन वखारीत पाय टाकाल तर याद राखा!" तुम्हीही हसलात. लाँचचा भोंगा झाला. त्या वर्षाच्या आतच तुमची बातमी आली. बा त्यानंतर बरीच वर्षं होता. माणूस म्हणून त्याला तुम्ही शेवटपर्यंत आवडत होतात, पण तुमची आठवण काढायचा ती 'मिठाचे मास्तर' म्हणून, आणि त्याच्या जोडीला मीही हसायचो.

परवा आपल्या गावच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. गावात आता पक्की शाळा आहे, तुम्हाला बघायला हवी होती. मुलांच्या हस्तलिखितासाठी घरच्या घरी करता येतील असे प्रयोग लिहून द्या म्हणाल्या. मी हौसेने लिहिले. पळ्या आणि चवळीचे दाणे, कढत पाण्याचा आवाज, पेजेतली शितं, घोंगडीतला बर्फ. चुलीजवळ मोठ्या माणसाला घेऊन बसा, असंही लिहिलं. मिठापाशी आलो तेव्हा इतकी वर्षं सांगत आलो तसंच उतरलं, की आमच्या मास्तरांच्या हातून एकदा बर्फावर मीठ पडलं आणि सगळी पापलेटं गेली. बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगदीच भोळे होते वाटतं तुमचे मास्तर." पुन्हा नीट उतरवून देतो म्हणालो आणि कागद ठेवून घेतला. त्या गेल्यावर तुम्हाला हे लिहायला बसलो. हे कुठल्या टपालात टाकायचं नाही, ते मला लिहितानाही ठाऊक होतं.

मुलांचा तो कागद अजून माझ्याकडेच आहे, उद्या न्यायला येणार आहेत. त्यावरचं 'मास्तरांच्या हातून' मी आज सकाळी खोडलं. वर 'एका मुलाच्या हातून' असं लिहिलं. 'माझ्या' लिहायचं होतं, पण अजून लिहिलेलं नाही.